शेजारी ‘फुल’ दिसतोय, पण रूटिंग टेबलमध्ये ओएसपीएफचा एकही रूट नाही

पॅकेट_प्रवासी

नमस्कार मंडळी. तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय, जाणकारांनी जरा बघा.

आमच्या दोन इमारती आहेत आणि मध्ये दोन लिंक. एक फायबर, १ जीबीपीएस. दुसरी रेडिओ लिंक, जी साधारण १०० एमबीपीएस देते. फायबरवर ओएसपीएफ (राउटरांनी आपसात माहिती वाटून रूट, म्हणजे रस्ते, स्वतः काढायचा प्रोटोकॉल) चालतं, सगळं एरिया ० मध्ये, म्हणजे एकाच गटात. रेडिओवर ओएसपीएफ नाही, तिथून फक्त एक स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट टाकलेला आहे: १०.४०.०.०/१६, डिस्टन्स २५० (हा आकडा जितका मोठा तितकी पसंती कमी). फायबर गेली तर वाहतूक तिकडून जावी एवढाच हेतू. पलीकडच्या इमारतीत चौदा सबनेट आहेत, सगळी /२४. परतीच्या वाटेसाठी पलीकडेही असाच एक स्टॅटिक आहे.

शनिवारी पलीकडचा राउटर बदलला. नवा दुसऱ्या कंपनीचा आहे, पण कमांड जवळपास त्याच. जुन्याच्या ओएसपीएफ प्रोसेसखालची एकूण एक ओळ मी नव्यावर उतरवली. राउटर आयडी, नेटवर्कच्या ओळी, पॅसिव्ह इंटरफेस, काही सोडलं नाही. केबल लावली आणि थोड्याच वेळात शेजारी (समोरचा राउटर) फुल झाला, म्हणजे ओएसपीएफची जोडणी पूर्ण झाली. मी समाधानाने घरी गेलो.

सोमवारी तक्रारी सुरू. फाइल उघडत नाही, व्हिडिओ कॉल तुटतो. ट्रेसराउट केला तर सगळी वाहतूक रेडिओवरून! ‘शो आयपी रूट ओएसपीएफ’ दिलं तर दोन्ही बाजूंना रिकामं.

आत्तापर्यंत जे तपासलं ते असं. फायबरच्या दोन टोकांचे पत्ते, १०.२०.०.१ आणि १०.२०.०.२, एकमेकांना नीट पिंग होतात. हॅलो (शेजाऱ्याला ठरावीक वेळाने द्यायची हजेरी) १० सेकंद, डेड (हजेरी न आल्यास शेजारी गेला असं मानायची मुदत) ४० सेकंद, दोन्हीकडे तेच. एरिया तोच, मास्क /३०. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) दोन्हीकडे १५००. ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’ दोन्ही राउटरवर तंतोतंत सारखं येतं, चेकसमसुद्धा जुळतात. म्हणजे माहिती पोहोचतेय, तरी रूट बनत नाहीत. हे कसं शक्य आहे तेच कळत नाही.

एक बारीक फरक दिसला. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये आमच्या बाजूला ‘फुल’च्या पुढे नुसती आडवी रेघ आहे. नव्या राउटरवर त्याच जागी डीआर-बीडीआरच्या (सामायिक लिंकवर निवडला जाणारा प्रमुख राउटर आणि त्याचा राखीव) भानगडीतला शब्द दिसतो. दोन कंपन्यांची दाखवायची पद्धत वेगळी असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रात्रपाळी

माझ्या अनुभवात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर समोरासमोर आले की नव्वद टक्के वेळा एमटीयू. दोन्ही इंटरफेसवर ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ टाक आणि मग ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ दे. सुटायला हवं.

जुनी_तार

पॅकेट_प्रवासी, आधी एक विनंती: वरच्या दोन्ही कमांड देऊ नका. रात्रपाळी, राग मानू नका, एमटीयूचा संशय नेहमी रास्तच असतो, पण इथे तो बसत नाही. एमटीयू जुळत नसेल तर जोडणी फुलच्या आधीच्या एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या पायऱ्यांपाशी अडकते, कारण डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये एमटीयूचा आकडा लिहिलेला असतो आणि समोरचा तो स्वतःच्या आकड्याशी ताडून पाहतो. यांची जोडणी फुलपर्यंत गेलीय, डेटाबेस जुळलाय. ती पायरी केव्हाच ओलांडली. आणि प्रोसेस क्लिअर केली तर त्या राउटरचे सगळे शेजारी एकदम तुटतील, पुन्हा जुळतील आणि परिस्थिती जिथल्या तिथे राहील.

तुम्ही ज्याकडे लक्ष दिलं नाही म्हणता, ती आडवी रेघच तुमचं उत्तर आहे. ती दाखवण्याची पद्धत नाही. आडवी रेघ म्हणजे ‘या लिंकवर डीआर ही कल्पनाच नाही’, म्हणजेच इंटरफेसचा नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट (फक्त दोन राउटरमधली सरळ लिंक). दुसऱ्या बाजूला डीआरचा विषय निघतोय, म्हणजे तिथे टाइप ब्रॉडकास्ट (अनेक राउटर असू शकतील अशी सामायिक लिंक). दोन्ही राउटरवर ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ देऊन ‘नेटवर्क टाइप’ ही ओळ वाचा. मला जवळजवळ खात्री आहे की ती वेगळी निघेल.

असं का झालं असेल तेही सांगते. इथरनेट पोर्टवर ओएसपीएफ चालू केलं की टाइप आपोआप ब्रॉडकास्ट धरला जातो. तुमच्या आधी हे नेटवर्क सांभाळणाऱ्याने दोन्ही जुन्या राउटरवर इंटरफेसखाली ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’ अशी ओळ टाकलेली असणार. चांगलं केलं होतं त्याने. दोनच राउटर असलेल्या लिंकवर डीआर निवडण्यात काही अर्थ नसतो, आणि त्या निवडीआधीची वेटची ४० सेकंदंही वाचतात. तुम्ही ‘राउटर ओएसपीएफ’खालचं सगळं उतरवलंत. ही ओळ मात्र तिथे नसते, ती इंटरफेसखाली असते. ती मागे राहिली.

आता तुमचा खरा प्रश्न: डेटाबेस सारखा असूनही रूट का नाहीत? हे नीट समजून घ्या, कारण ओएसपीएफचं सगळं गणित यातच आहे.

ओएसपीएफमध्ये राउटर एकमेकांना रूट देत नाहीत. आरआयपी या जुन्या प्रोटोकॉलमध्ये देतात: ‘माझ्याकडून अमुक नेटवर्क इतक्या हॉपवर आहे’, आणि समोरचा विश्वास ठेवतो. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर फक्त स्वतःच्या दारापुढचे रस्ते लिहून सगळ्यांना वाटतो. ते कागद म्हणजे एलएसए. सगळ्यांकडे सगळे कागद पोहोचले की ‘डेटाबेस जुळला’. मग प्रत्येक जण आपापल्या घरी बसून ते कागद जोडतो, नकाशा बनवतो आणि डाइक्स्ट्राच्या पद्धतीने जवळचा रस्ता काढतो. फुल या शब्दाचा अर्थ एवढाच की कागद पोहोचले. कागदांवरचं लिखाण एकमेकांशी जुळतं की नाही, ते फुल सांगत नाही.

तुमच्या दोन कागदांवर काय लिहिलंय ते बघा. ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’ द्या आणि दोन्ही राउटरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. तुमचा अलीकडचा राउटर लिहितो: मी थेट दुसऱ्या राउटरला जोडलेलो आहे, त्याचा आयडी अमुक. पलीकडचा लिहितो: मी एका ट्रान्झिट नेटवर्कला जोडलेलो आहे, त्याच्या डीआरचा पत्ता अमुक. केबल एकच, वर्णनं दोन. एकाच्या लेखी ती सरळ वाट आहे, दुसऱ्याच्या लेखी मध्ये एक चौक आहे.

आता अलीकडचा राउटर नकाशा बनवायला बसतो. स्वतःपासून निघतो, कागदावर वाट दिसते, ती पलीकडच्याकडे जाते. पुढे पाऊल टाकण्याआधी तो पलीकडच्याचा कागद उघडून पाहतो: याने माझ्याकडे येणारी वाट लिहिलीय का? तिथे फक्त चौकाचा उल्लेख, याचं नाव नाही. म्हणून तो ती वाट सोडून देतो. पलीकडचाही हेच करतो. चौकापर्यंत जातो, अलीकडच्याच्या कागदावर चौक शोधतो, सापडत नाही, थांबतो. आरएफसी २३२८ मध्ये, म्हणजे ओएसपीएफ आवृत्ती २ च्या १९९८ पासून चालत आलेल्या मानक दस्तऐवजात, एसपीएफच्या (जवळचा रस्ता काढायच्या) पायऱ्या दिल्यात. त्यात ही अट स्पष्ट आहे: समोरच्याच्या नोंदीत परतीचा दुवा नसेल तर ती लिंक सोडून पुढची बघा. यात चूक कुणाची म्हणाल तर प्रोटोकॉलची नाही. एकतर्फी रस्त्यावर भरवसा ठेवायचा नाही असं त्याने ठरवलंय आणि तो ते पाळतो.

सिस्कोच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये त्या नोंदीच्या वरच्या भागात ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल’ अशा अर्थाची ओळही येते. पुष्कळ जण ती वाचतच नाहीत, कारण खाली भरपूर आकडे असतात आणि डोळा तिकडे जातो.

ही जोडी फसवी का ठरते, तर ब्रॉडकास्ट आणि पॉइंट-टू-पॉइंट दोन्हींचे हॅलो आणि डेड डिफॉल्टने १० आणि ४०. म्हणून हॅलो जुळतात आणि जोडणी बिनतक्रार फुल होते. एका बाजूला नॉन-ब्रॉडकास्ट किंवा पॉइंट-टू-मल्टिपॉइंट असतं तर तिथले टायमर ३० आणि १२० असल्यामुळे शेजारीच बनला नसता, आणि तुम्ही शनिवारीच ते पकडलं असतं.

मी पहिल्यांदा या दुखण्यात सापडले तेव्हा पहाटेपर्यंत जागी होते. माझ्याकडे सात राउटर होते आणि मी एकामागून एक सगळ्यांचे हॅलो तपासत बसले. शेवटी माझ्या वरिष्ठांनी दोन नोंदींचे प्रिंट काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, पेन्सिलने याच्यावरून त्याच्यावर रेघ ओढ, मग परत आण. परत आणता येईना. तेव्हापासून फुल आहे पण रूट नाही असं कुणी म्हणालं की मी हीच रेघ ओढायला सांगते.

दुरुस्ती: नव्या राउटरवर फायबरच्या इंटरफेसखाली ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’. बस. जोडणी एकदा तुटेल आणि परत जुळेल. सध्या सगळी वाहतूक रेडिओवरूनच चाललीय, त्यामुळे कुणाला धक्काही लागणार नाही. तरी लांबच्या राउटरवर हात घालण्याआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवा. काही चुकून तुम्ही बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी तो सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर परत उठेल. सगळं नीट झालं की आठवणीने ‘रीलोड कॅन्सल’. नवा राउटर ही सोय देत नसेल तर त्याची स्वतःची काय सोय आहे ते आधी बघा. ज्युनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ असतं, मायक्रोटिकवर सेफ मोड. जवळचं आणि लांबचं दोन्ही टोकं बदलायची वेळ आलीच तर लांबचं आधी, जवळचं नंतर. मी एकदा उलटं केलं आणि एका बदलासाठी चार तासांचा प्रवास करून जावं लागलं.

जाता जाता तुमच्या स्टॅटिकबद्दल. तुम्ही २५० डिस्टन्स दिलंय, पण इथे ते कामालाच येत नाही. डिस्टन्सची तुलना एकाच प्रीफिक्ससाठी (नेटवर्कचा पत्ता आणि तिरक्या रेघेपुढचा आकडा) होते. तुमचा स्टॅटिक /१६ आहे आणि ओएसपीएफचे रूट /२४. /२४ टेबलमध्ये आले की ते लांब प्रीफिक्स म्हणून आपोआप जिंकतील, स्टॅटिकचं डिस्टन्स १ असतं तरी. तुमची रचना बरोबर चालते, पण तुम्ही समजता त्या कारणाने नाही.

पॅकेट_प्रवासी

ताई, काय सांगू. ‘नेटवर्क टाइप’ खरंच वेगळा निघाला. आमच्याकडे पॉइंट-टू-पॉइंट, तिकडे ब्रॉडकास्ट. जुन्या राउटरच्या बॅकअप फाइलमध्ये शोधलं तर ती ओळ इंटरफेसखालीच होती, आयपी पत्त्याच्या लगेच खाली. मी तिच्यावरून स्क्रोल करून पुढे गेलो होतो.

ओळ टाकण्याआधी दोन नोंदींचे प्रिंट काढले आणि पेन्सिलने रेघ ओढून पाहिली. परत येताना अडली. मग ओळ टाकली, शेजारी परत फुल झाला आणि चौदाच्या चौदा रूट समोर आले, प्रत्येकापुढे ओएसपीएफचा ‘ओ’ आणि कंसात त्याचं डिस्टन्स, ११०. रीलोड रद्द केला, दोन्हीकडे सेव्ह केलं.

पण मग मला हुरूप आला आणि मी पुढचं पाऊल टाकलं. म्हटलं स्टॅटिक कशाला हवा, रेडिओही ओएसपीएफमध्ये घेऊ. दोन्ही टोकांना पॉइंट-टू-पॉइंट लक्षात ठेवून टाकलं. आता वेगळाच प्रकार सुरू झालाय. एकाच खोलीत एकाचं काम झरझर चालतं आणि शेजारच्या टेबलावरच्याची फाइल अडकते. रूट बघितला तर प्रत्येक सबनेटला दोन नेक्स्ट हॉप (पुढचे टप्पे), एक फायबर आणि एक रेडिओ. इतकी हळू लिंक याला बरोबरीची कशी वाटते?

जुनी_तार

हे मी आधीच सांगायला हवं होतं. कॉस्ट (वाटेचा खर्च, कमी असेल ती वाट आधी) बघा दोन्ही इंटरफेसची. दोन्हीकडे १ असणार.

ओएसपीएफची कॉस्ट म्हणजे रेफरन्स बँडविड्थ भागिले इंटरफेसची बँडविड्थ. सिस्कोवर रेफरन्सचा डिफॉल्ट १०० एमबीपीएस आहे. तो ठरला तेव्हा १०० म्हणजे खूप होतं. भागाकार १ पेक्षा खाली गेला तरी १ च धरतात. म्हणून १०० एमबीपीएस, १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएस, तिघांचीही कॉस्ट १. कॉस्ट समान झाली की राउटर दोन्ही वाटा वापरतो, आणि वाटणी सहसा कुठून कुठे या पत्त्यांच्या जोडीवर करतो. म्हणून एक टेबल फायबरवर पडलं आणि शेजारचं रेडिओवर. तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे.

राउटर ओएसपीएफखाली ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००’ टाका, आकडा एमबीपीएसमध्ये असतो. मग १०० जीबीपीएसची कॉस्ट १, १० जीबीपीएसची १०, १ जीबीपीएसची १००, १०० एमबीपीएसची १०००. हे सगळ्या राउटरवर एकसारखं हवं. दुसऱ्या कंपनीच्या राउटरचा डिफॉल्ट तोच असेल असं गृहीत धरू नका, आकडा स्वतः लिहा.

पण एवढ्याने तुमचा रेडिओ सुधारणार नाही. राउटर हवेतली लिंक बघत नाही, तो आपला पोर्ट बघतो. रेडिओला जाणारी केबल बहुतेक गिगाबिटवर जुळलेली असेल. म्हणजे राउटरच्या लेखी तीही १ जीबीपीएस, कॉस्ट १००, फायबरइतकीच. तिथे हाताने लिहा: रेडिओच्या इंटरफेसखाली ‘आयपी ओएसपीएफ कॉस्ट १०००’. आणि दोन्ही टोकांना. कॉस्ट बाहेर जाणाऱ्या इंटरफेसची मोजली जाते, एकाच टोकाला लिहिलीत तर त्या बाजूने जाताना सगळं फायबरवरून जाईल आणि येताना निम्मं रेडिओवरूनच येत राहील. मग तक्रारी अर्ध्या होतील आणि शोधायला दुप्पट अवघड.

एक विचारते: फायबर थेट राउटरच्या एसएफपीमध्ये (फायबर घेणारं मॉड्यूल) येते की मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) आहे?

पॅकेट_प्रवासी

दोन्ही टोकांना कन्व्हर्टर आहेत, ताई. राउटरला तांब्याची केबल येते.

जुनी_तार

तर मग हे मनावर घ्याच. फायबर एसएफपीमध्ये असती तर तुटल्याबरोबर प्रकाश गेला असता, पोर्ट डाउन झाला असता आणि ओएसपीएफला लगेच कळलं असतं. कन्व्हर्टर मध्ये असला की बाहेर फायबर तुटते, पण राउटर आणि कन्व्हर्टरमधली तांब्याची केबल शाबूत असते, त्यामुळे बहुतेक वेळा पोर्ट अप राहतो. काही कन्व्हर्टर फायबर गेली की तांब्याचा पोर्टही पाडतात, पण तो पर्याय चालू आहे का ते कुणी पाहिलेलं नसतं. नसेल तर डेड टायमरची ४० सेकंदं सरेपर्यंत राउटर पॅकेट अंधारात टाकत राहणार. रेडिओ शेजारीच तयार उभा असताना ४० सेकंद.

दोन्ही राउटर बीएफडी (लिंक तुटल्याचं झटपट ओळखणारी सोय) देत असतील तर फायबरवर लावा. ३०० मिलिसेकंदाला एक पॅकेट, तीन चुकली की लिंक गेली, म्हणजे सुमारे ९०० मिलिसेकंद. रेडिओवर इतकं कडक लावू नका, पावसात दोन-तीन पॅकेट सुटली की जोडणी उगाच पडेल-उठेल. बीएफडी नसेल तर हॅलो आणि डेड कमी करता येतात, पण दोन्हीकडे तेच आकडे, नाहीतर शेजारीच जाईल.

रात्रपाळी

ताई, प्रोसेस क्लिअर करायचा सल्ला मी घाईने दिला, मान्य. एक विचारायचं होतं. माझ्या एका लिंकवर वर्षभर एमटीयू-इग्नोर आहे. शेजारी फुल आहे, पिंगही जातं. पण मोठ्या फाइल कधीकधी मध्येच थिजतात. संबंध असेल का?

जुनी_तार

दाट शक्यता आहे. एमटीयू-इग्नोरने एमटीयू बदलत नाही, फक्त राउटरची तक्रार बंद होते. साधं पिंग छोटं असतं म्हणून ते जातं. ‘पिंग’पुढे पत्ता, मग ‘साइझ १५०० डीएफ-बिट’ असं देऊन बघा. अडलं तर आकडा कमी करत जा, जिथे जायला लागेल तो त्या लिंकचा खरा एमटीयू. मध्ये जीआरई टनेल (पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणारी वाट) असेल तर १४७६ पाशी जायला लागेल, कारण जीआरई २४ बाइट खातो. तो आकडा दोन्ही टोकांच्या इंटरफेसवर लिहा आणि मग इग्नोरची ओळ काढून टाका. काढल्यावर जोडणी फुल झाली तर समजा जुळलं. निकाल काय येतो ते वेगळा धागा काढून लिहा, मी बघते.

पॅकेट_प्रवासी

काल रात्री सगळं केलं. रेफरन्स बँडविड्थ दोन्हीकडे एक, रेडिओची कॉस्ट दोन्हीकडे १०००. टेबलमध्ये आता प्रत्येक सबनेटला एकच नेक्स्ट हॉप, फायबर. बीएफडी नव्या राउटरवर आहे हे मला माहीतच नव्हतं, कागदपत्रं चाळली तेव्हा सापडलं.

लावण्याआधी मुद्दाम एकदा बीएफडीशिवाय परीक्षा घेतली. सेकंदाला एक पिंग चालू ठेवलं आणि पलीकडच्या सहकाऱ्याला कन्व्हर्टरमधून फायबर काढायला सांगितलं. एकामागून एक ३८ पिंग चुकली, मग रेडिओवरून उत्तरं सुरू झाली. राउटरचा पोर्ट शेवटपर्यंत अप होता, तुम्ही म्हणालात तसाच. बीएफडी लावून पुन्हा काढली तर एकच पिंग चुकलं. फायबर परत लावल्यावर वाहतूक आपोआप परतली. स्टॅटिक दोन्हीकडचे काढले.

आणि चारही इंटरफेसच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवलं: ‘नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट, दोन्ही टोकांना हवं’. रेडिओच्या दोन इंटरफेसवर त्याच्यापुढे ‘कॉस्ट हाताने १०००’ हेही.